सवयीची सही

मी, हेस्टर मेबल विन्स्लेड, कै. इव्हॉर विन्स्लेड यांची विधवा, वय वर्षे सत्त्याऐंशी, राहणार बांधावरचं घर, स्टेथकॉट, परगणा सॉमरसेट, आज आपल्या स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसले आहे आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगते आहे. सांगते असं म्हणायचं कारण, मला लिहिता येत नाही आणि वाचताही येत नाही. लिहून घेणाऱ्या वकील मिस टॅपस्कॉट आहेत. जसं बोलेन तसं लिहायचं, या अटीवर त्यांना चहा आणि सफरचंदाचा केक दिला आहे. डॉक्टरीणबाईंनी सोमवारी मला तपासून माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. असा दाखला या गावात दुसऱ्या कोणाकडे नाही, याची नोंद घ्यावी.

माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मिस टॅपस्कॉट यांनी कायद्याप्रमाणे विचारलं, "आजी, कोणी जबरदस्ती केली का तुमच्यावर?" मी म्हटलं, "पोरी, साठ वर्षं नवऱ्याला जमलं नाही, आता कोणाला जमणार?" हे लिहू नये असं त्यांचं मत पडलं. लिहावं असं माझं पडलं.

याआधी मी आणि इव्हॉरने मिळून केलेलं मृत्युपत्र या मृत्युपत्राने रद्द झालं असं समजावं.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस टॅपस्कॉट यांनी करावी. त्या तरुण आहेत आणि गावातल्या कोणाच्याही नात्यात नाहीत. हे दोन्ही गुण इथे क्वचित एकत्र सापडतात.

कलम २. माझं राहतं घर, मागचं सामानघर, टोपल्या विणायचे वाळुंजाचे फोक भिजत घालायचा हौद आणि नदीकडचा वाळुंजाचा मळा, ही सर्व स्थावर मिळकत मी माझी मुलगी जॅनिस हिला देते.

ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. गेल्या नाताळात फोनवर तिने सांगून ठेवलंय, "आई, हेम्ब्रोच्या दोस्ताचं घर मला नको. क्लाइव्हला दे, नाहीतर पुरात वाहून जाऊ दे." हेम्ब्रो आमचा जुना कौन्सिलर, आणि त्याचा दोस्त म्हणजे तिचा बाप. म्हणून मिस टॅपस्कॉट यांना माझी सक्त सूचना आहे की, किल्ली हातात देण्याआधी हे मृत्युपत्र जॅनिसला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावं. ती मध्येच उठली तर थांबावं, चहा करून द्यावा आणि जिथे सोडलं तिथून पुढे वाचावं. साडेचार वर्षं मी तिच्या बापाबद्दल बोलायला लागले की ती हवापाण्याचं काढते. मेलेल्या आईशी हवापाण्याचं बोलता येत नाही, तेवढाच मला फायदा.

सगळं ऐकूनही तिने नको म्हटलं तर घर तिची मुलगी टॅम्सिन हिला जावं. पण मला ते नको आहे. मला जॅनिस या स्वयंपाकघरात बसलेली हवी आहे, तिच्या बापाच्या खुर्चीत.

कलम ३. बँकेतली रक्कम माझा मुलगा क्लाइव्ह याला. तो दुधाचा टँकर चालवतो, कोणाशी भांडत नाही आणि निवडणुकीच्या दिवशी हटकून दुसऱ्या गावात असतो. त्याला याहून जास्त काही सांगायची गरज नाही. सुखी रहा, क्लाइव्ह. दाढी कर.

कलम ४. इव्हॉरची हत्यारं, म्हणजे फोक चिरायची लाकडी चीर, दाभणं, दोन्ही सुऱ्या, ठोकायचं लोखंड आणि मांडीवर घ्यायची फळी, टॅम्सिनला. टोपल्या विणायच्या म्हणून नव्हे. आता टोपल्या कोण घेतं? सहलीला आलेले लोक घेतात आणि त्यात टॉवेल ठेवतात. पण दहा वर्षांची असताना ती त्या फळीवर बसून आजोबांना "तळ चौकोनी का नाही करत?" असं दिवसभर विचारायची आणि तो दिवसभर उत्तर द्यायचा. त्यासाठी.

मिस कीर्ल यांनी मला दिलेली दगडी पाटीही टॅम्सिनला द्यावी. ती कोरी आहे. मिस कीर्ल कोण, ते पुढे येतं.

कलम ५. कचऱ्याचा हिरवा डबा. हा माझा नाही, कौन्सिलचा आहे, असं मिस टॅपस्कॉट म्हणतात. कुठल्या कौन्सिलचा? डब्यावर बगळ्याचं चित्र आहे. मला अक्षर येत नाही पण बगळा येतो. तो बगळा विदीमूर डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा होता आणि ती कौन्सिल गेल्या एप्रिलमध्ये बंद झाली. आता आमचा सगळा कारभार परगण्याच्या मोठ्या कौन्सिलकडे गेला, तिचं चित्र वेगळं आहे आणि तिचा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकोणपन्नास वर्षांचा कारभार, आणि आमच्या वॉर्डात त्याचं जे उरलंय ते माझ्या फाटकाशी उभं आहे आणि गुरुवारी रिकामं होतं. डबा तिथेच राहू द्यावा.

कलम ६. आता हे कलम लांब आहे. मिस टॅपस्कॉट म्हणाल्या, "आजी, हे कायद्यात बसत नाही." मी म्हटलं, "मग त्याला खुर्ची दे." जॅनिसला घर का घ्यायचं ते कळायला हवं, आणि ते कळायला ही निवडणुकांची हकीकत कळायला हवी. म्हणून ती मिळकतीचाच भाग समजावी.

विदीमूर कौन्सिलची पहिली निवडणूक त्र्याहत्तर साली झाली. आमच्याकडे निवडणूक मे महिन्यात येते आणि वाळुंजाची साल सोलायचा हंगामही मे महिन्यातच. हौदात उभे केलेले फोक पानं फोडू लागले की साल सुटते, तेव्हा एक दिवस थांबता येत नाही. मी लहानपणी शाळा शिकले नाही ती याच मे महिन्यांमुळे. एप्रिलपर्यंत जायचे, मेमध्ये आईबरोबर सोलायला बसायचे, आणि पुन्हा गेले की सगळी पोरं पुढे निघून गेलेली असायची. मग जाणंच सोडलं. तर पहिल्या मतदानाला मी सालीने तपकिरी झालेल्या हातांनी गेले. इव्हॉरचेही हात तसेच. हॉलच्या दारात निळ्या पक्षाची फीत लावलेली बाई आणि पिवळ्या पक्षाची फीत लावलेला माणूस बसले होते, दोघांनीही आमचे हात पाहिले आणि आपापले कागद मागे घेतले.

मला नावं वाचता येत नाहीत म्हणून केंद्राच्या प्रमुखाने ती वाचून दाखवायची, असा नियम होता. प्रमुख असायचे मस्ग्रोव्ह. ते एका कानाने बहिरे, म्हणून आपली कुजबुज जरा मोठ्याने करायचे. "हेस्टरबाई, पहिलं नाव अमुक, दुसरं तमुक. कोणापुढे फुली?" मी बोट दाखवायचे. "दुसऱ्यापुढे? नक्की?" हे चर्चच्या फाटकापर्यंत ऐकू जायचं. गुप्त मतदान काय असतं ते मी फक्त ऐकून आहे.

सत्त्याऐंशी साली डेस्मंड हेम्ब्रो पहिल्यांदा उभा राहिला. हेम्ब्रो म्हणजे पलीकडच्या काठावरचा दुभत्या गाईंचा मोठा शेतकरी, इव्हॉरच्या शाळेतला. त्याच्याविरुद्ध शाळेच्या बाई मिस कीर्ल. याच बाईंनी मला पाटी आणून दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "हेस्टर, रोज संध्याकाळी या. नाताळपर्यंत स्वतःचं नाव लिहाल." मी म्हटलं, सोलणी संपली की येते. मग बांधणी होती, मग कापणी, मग थंडी. दरवर्षी सोलणी संपायची आणि दरवर्षी माझं काहीतरी निघायचं. त्या गेल्या तरी पाटी कोरीच. मला या आयुष्यात फार गोष्टींची हळहळ नाही, पण ती एक आहे, आणि दुसरी पुढे सांगते.

इव्हॉरने मत हेम्ब्रोला दिलं. मी मिस कीर्लना दिलं, आणि मस्ग्रोव्हच्या कृपेने ते हेम्ब्रोलाही कळलं. त्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ही त्याची एक चांगली गोष्ट. दुसरी आठवली की सांगेन.

शहरातल्या मार्केट हॉलमध्ये मोजणी झाली. दोघांना सारखी मतं. पुन्हा मोजली, पुन्हा सारखी. आमच्या घरात झालं होतं तेच वॉर्डात झालं. अशा वेळी आमच्याकडे चिठ्ठी काढतात. निवडणूक अधिकाऱ्याने विचारलं, चिठ्ठ्या टाकायला कोणाची हॅट आहे का? कोणाचीच नव्हती. इव्हॉर तिथे हेम्ब्रोच्या बाजूने मोजणी बघायला बसला होता आणि त्याच्याजवळ त्याने स्वतः विणलेली धरलेले मासे ठेवायची झाकणाची करंडी होती. तिच्यात त्याचा डबा होता. त्याने सँडविच खिशात घातली आणि करंडी पुढे केली. अधिकाऱ्याने हात घातला. निघाला हेम्ब्रो.

मिस कीर्ल यांनी हेम्ब्रोशी हात मिळवला आणि इव्हॉरला म्हणाल्या, "करंडी सुरेख आहे, विन्स्लेड. तळ जरा खोल आहे."

त्यानंतर आमच्या वॉर्डात कौन्सिलचं मतदान झालंच नाही. बाकी विदीमूरमध्ये होत असे. निळे यायचे, पिवळे यायचे, कधी कोणाचंच बहुमत नसायचं आणि मग वर्षभर ते एकमेकांची तोंडं बघत बसायचे. आमच्याकडे मात्र हेम्ब्रो दरवेळी बिनविरोध. कौन्सिलवर बसलेल्या शेजाऱ्याविरुद्ध उभं राहणं म्हणजे त्याच्या अंगणात जाऊन त्याची झाडं तोडल्यासारखं, असं आमच्या लोकांना वाटतं. मनात काही असलं तरी ते बिस्किटाबरोबर गिळायचं. उमेदवाराच्या अर्जावर गावातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात. दर चार वर्षांनी वसंतात हेम्ब्रो आपला अर्ज आणि सफरचंदाच्या दारूचा जग घेऊन सामानघराच्या दारात उभा राहायचा.

"इव्हॉर, नेहमीचं."

इव्हॉर सुरी खाली ठेवायचा, हात पँटला पुसायचा आणि सही करायचा. कधी वाचलं नाही. वाचणं म्हणजे शेजाऱ्यावर संशय. या गावात सही मागायला आलेल्याला नाही म्हणायची पद्धत नाही. चर्चच्या छपरासाठी मागितली, दिली. तेच छप्पर नको म्हणून कोणी मागितली, तीही दिली.

मग तो मोठा पूर आला. या स्वयंपाकघरात कमरेइतकं पाणी. जॅनिस तेव्हा गावातच, चर्चमागच्या घरात राहायची. तिने आम्हा दोघांना खिडकीतून होडीत घेतलं. इव्हॉर करंडी घेऊन बसला, मी किटली. पाणी उतरल्यावर सभा झाली. नदीतला गाळ का काढला नाही, पंप का बंद होते, असं जॅनिसने उभं राहून विचारलं. हेम्ब्रो म्हणाला, समिती नेमली आहे. तिने पुन्हा विचारलं, तो पुन्हा म्हणाला, समिती नेमली आहे. त्या दिवशी तिच्या मनात आलं. मनातलं ओठावर यायला पाच वर्षं गेली. एकोणीस साली ती म्हणाली, "आई, मी उभी राहणार."

लोक दारात हसून "छान, छान" म्हणायचे आणि पेन शोधायला आत गेले की बाहेर यायचे नाहीत. तरी तिने नऊ सह्या मिळवल्या. दहावी बापाची, ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती आली तेव्हा इव्हॉर इथेच बसला होता. "बाबा, तुमच्या नावाने पुरं करते," असं ती म्हणाली. त्याने हात दोनदा पुसले. आमच्या वॉर्डात इतक्या वर्षांनी कौन्सिलच्या मतदानाला हॉल उघडणार, आत पडदे लागणार, दोरीला पेन्सिल लागणार, आणि कागदावर विन्स्लेड असं नाव असणार. मी म्हटलं, "तुझं नाव कितवं येईल ते मला सांग, मला बोट दाखवायचंय." त्यावर तिघंही हसलो. या घरात आम्ही तिघं एकत्र हसलो ते शेवटचं.

आता चूक ऐका. दोन दिवस आधी हेम्ब्रो जग घेऊन येऊन गेला होता. "इव्हॉर, नेहमीचं." आणि इव्हॉरने नेहमीचं केलं होतं. एका माणसाने एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही करायची असते. दोन अर्जांवर केली तर जो अर्ज आधी पोचला त्याच्यावरची धरतात, दुसऱ्यावरची बाद. हेम्ब्रोचा अर्ज आधी पोचला. जॅनिसचा पोचला शेवटच्या दिवशी, दुपारी, दार बंद व्हायच्या जरा आधी. तिच्या नऊच सह्या उरल्या. अर्ज बाद. हेम्ब्रो बिनविरोध.

संध्याकाळी ती आली. बसली नाही.

"बाबा, हेम्ब्रोच्या अर्जावर तुमची सही होती?"

"होती."

"माझ्या आधी?"

"तो आधी आला."

"इतकी वर्षं सह्या करताय आणि हा नियम तुम्हाला ठाऊक नव्हता?"

 इव्हॉरला खरोखरच ठाऊक नव्हता. पण आपण इतकी वर्षं न वाचता सह्या केल्या, हे वाचता येणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीसमोर सांगवेना. मला वाचता येत नाही हे मी कोणालाही सांगते, त्यात एक सुख आहे ते त्याला नव्हतं.

"मुलगी विकलीत बाबा. एका दारूच्या जगासाठी." असं म्हणून ती गेली. त्याच उन्हाळ्यात घर सोडून ब्रिस्टलला गेली.

जॅनिस, इथपर्यंत तुला ठाऊक आहे. आणि हेही ऐकून ठेव, तो नियम अर्जावर बारीक अक्षरात छापलेला होता, असं मिस टॅपस्कॉट म्हणतात. तूही वाचला नाहीस. बापाचीच मुलगी आहेस. आता जे तुला ठाऊक नाही ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इव्हॉरने लग्नाला घालायचा कोट घातला आणि मला म्हणाला, "चल." आम्ही बसने कौन्सिलच्या कचेरीत गेलो. त्या कचेरीची पायरी तो आयुष्यात पहिल्यांदा चढला. मी त्याच्याशेजारी उभी होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

खिडकीतल्या बाईला तो म्हणाला, "माणसाला नाव एकदाच देता येतं ना?"

"हो, काका. एकदाच."

"मग ते माझ्या मुलीला द्या. हेम्ब्रोच्या कागदावरचं खोडा."

"तसं करता येत नाही. जो अर्ज आधी आला, त्याच्यावरची सही धरतात."

तो जरा वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "बाई, पहिली सही सवयीची होती. दुसरी मनाची. मनाची धरा."

बाई भली होती. ती आत कोणालातरी विचारून आली. म्हणाली, "काका, कुठली कशाची ते आम्हाला विचारता येत नाही."

बसने परत आलो. बांधावर उतरल्यावर म्हणाला, "हेस्टर, हे जॅनिसला सांगू नकोस. तिला वाटेल, चूक झाकायला म्हातारा गयावया करून आला. चार वर्षांनी हेम्ब्रो येईल ना, तेव्हा सांगेन, यंदा नाव देऊन झालंय. तिला ते दिसेल." मेमध्ये, मतदान झालं असतं त्या दिवशी, पुन्हा कोट घालून हॉलपर्यंत चालत गेला. मी विचारलं, "काय होतं रे तिथे?" म्हणाला, "कुलूप."

पुढच्या वसंतात तो गेला. साथीचे दिवस होते, चर्चच्या आवारात मोजकीच माणसं येऊ द्यायचे. कुंपणापलीकडे ब्रिस्टलहून आलेली एक गाडी उभी होती. काच वर होती. मी त्या गाडीकडे गेले नाही. नियम होता म्हणून गेले नाही असं मी लोकांना सांगते. आणि मग विदीमूर कौन्सिलच बंद झाली. पुढची निवडणूक झालीच नाही, हेम्ब्रो कागद घेऊन आला नाही, आणि इव्हॉरने राखून ठेवलेलं ते नाही म्हणणं तसंच राहून गेलं. ही माझी दुसरी हळहळ.

एवढंच, जॅनिस. तो हेम्ब्रोचा दोस्त होता हे खरं. पण जी परत मागायला गेला अशी सही त्याने आयुष्यात एकच केली, आणि ती हेम्ब्रोच्या कागदावरची होती.

कलम ७. माझी शवपेटी वाळुंजाच्या फोकांची विणलेली असावी, इव्हॉरची होती तशी. लाकडाची नको, लाकडात वारा लागत नाही. पाद्रीसाहेबांनी माझ्याबद्दल बोलताना "साधी" हा शब्द वापरू नये.

कलम ८. चिठ्ठी काढलेली ती झाकणाची करंडी मी डेस्मंड आर्थर हेम्ब्रो यांना देते. ते तिच्यातूनच निघाले, तेव्हा परत तिच्यात काय घालायचं ते त्यांनी बघावं.

हे सांगत असताना हेम्ब्रो समोरच बसलेला आहे. साक्षीदार म्हणून मीच त्याला फोन करून बोलावलं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दुसऱ्या ब्रेंडा मीकर, आमच्या टपालवाल्या बाई, त्या आज टपाल वाटून आल्या आहेत. साक्षीदाराला आतला मजकूर ऐकायची गरज नसते, तेव्हा हेम्ब्रो बाहेर थांबला तरी चालेल, असं मिस टॅपस्कॉट यांनी सुरुवातीलाच सुचवलं. मी म्हटलं, बाहेर गार आहे. म्हणून त्याने सगळं ऐकलं.

कलम सहा संपल्यावर त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हेस्टर, त्याने मला सांगितलं नाही."

"तुला कसं सांगणार? बिनविरोध ठरलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तू अंडी घेऊन आला होतास."

"मग अंडी तरी घ्यायची नव्हती."

"डेस्मंड, या गावात अंडी कोणी परत करतं का?"

"मी कचेरीत गेलो असतो. म्हणालो असतो, माझंच नाव काढा."

"तेव्हा नाव मागे घ्यायची तुझी वेळही निघून गेली होती. आणि तू गेला नसतास."

यावर त्याने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. हे त्याला विचारून लिहिलं आहे.

कलम ९. कलम आठ लिहून झाल्यावर मिस टॅपस्कॉट यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "आजी, थांबा. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेली वस्तू त्याला मिळत नाही. हेम्ब्रोसाहेबांना एकतर करंडी, नाहीतर सही."

मी म्हटलं, "बघ डेस्मंड. पुन्हा एकच नाव आणि दोन कागद."

ब्रेंडा म्हणाली, "मी शेजारच्या घरातून कोणाला आणू का? पाच मिनिटं लागतील. म्हणजे साहेबांना करंडी मिळेल."

करंडी टेबलावरच होती. हेम्ब्रोने झाकण उघडून आत पाहिलं, तिथे काही नाही. त्याला ती हवी होती, हे मला दिसत होतं. छत्तीस वर्षं कौन्सिलर होता आणि आता त्याच्याकडे दाखवायला काही नाही, बगळासुद्धा डब्यावरच. झाकण लावून त्याने ती माझ्याकडे सरकवली.

"ब्रेंडा, कुठे जाऊ नकोस. करंडी जॅनिसला लिहा," तो म्हणाला. "मी सही करतो. इव्हॉरने मला दरवेळी नाव दिलं. मी त्याच्या मुलीच्या कागदावर एकदा देतो."

"तिचा राग जाणार नाही हं त्याने," मी म्हटलं.

"माझ्यावरचा राहू दे. तो बरोबर आहे."

म्हणून कलम आठ रद्द, ती करंडी जॅनिसला. आणि कलम सहामध्ये हेम्ब्रोची दुसरी चांगली गोष्ट आठवली की सांगेन, असं मी म्हटलं होतं. ती ही.

कलम १०. याखेरीज माझं जे काही सापडेल, ते जॅनिस आणि क्लाइव्ह यांनी निम्मं निम्मं घ्यावं. भांडण झाल्यास चिठ्ठी काढू नये. बसून बोलावं.

वरचा सर्व मजकूर मिस टॅपस्कॉट यांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच आहे. मला तो समजला, मान्य आहे, आणि दोन ठिकाणी तर आवडलाही. मिस कीर्ल यांच्याकडे गेले असते तर इथे माझं नाव असतं. त्याऐवजी मी फुली करते. मला तेवढंच येतं. मस्ग्रोव्हच्या टेबलावर तेवढंच पुरत होतं. ती वाकडी आली तरी माझीच समजावी. ही फुली जॅनिसपुढे आहे.

निशाणी: ✕
हेस्टर मेबल विन्स्लेड

वरील निशाणी हेस्टरबाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर आणि आपल्या मर्जीने केली. आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या करत आहोत.

साक्षीदार
१. ब्रेंडा जॉय मीकर, टपाल वाटप, स्टेथकॉट.
२. डेस्मंड आर्थर हेम्ब्रो, शेतकरी, हेम्ब्रो फार्म, पलीकडचा काठ, स्टेथकॉट. चष्मा मागवून, बारीक अक्षरांसकट सगळं वाचलं. मग सही केली.

स्थळ: बांधावरचं घर, स्टेथकॉट
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. आज डबा रिकामा झाला.